मराठी मजकूर युनिकोडमध्येच द्या

महोदय,

शहापूरला घरातूनच मी नऊ वर्षं वेबसाइट बनवतो. गिऱ्हाईक म्हणजे साडीदुकानं, निपाणीकडचे व्यापारी, शाळा, वाचनालयं. इथं एकाच साइटवर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही लागतात आणि ते काम मला मनापासून आवडतं.

गेल्या महिन्यात खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाची जुनी स्मरणिका आली. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधली. वेबवर टाकली की अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं. अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठीची चित्रं बसवलेली असतात, म्हणून शोधलं तरी काही सापडत नाही. जुन्या फॉन्टचा मजकूर बदलून देणारं सॉफ्टवेअर, म्हणजे परिवर्तक, वापरला, तर ‘आचाऱ्यांचे आभार’चं ‘आचार्यांचे आभार’ झालं! रफार आणि अर्धा र यांत माणूसच बदलतो. शेवटी चौऱ्याऐंशी पानं मी आणि बायकोनं रात्री बसून वाचून काढली.

युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांमधल्या अक्षरांना स्वतःचे ठरलेले क्रमांक देणारी संगणकाची पद्धत. देवनागरी त्यात 1991 पासून आहे. तरी आजही छापखान्यातून जुन्याच फॉन्टची फाइल येते. संस्थांनी युनिकोड मजकूर मागून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक सांगणं: पानाच्या भाषेच्या खुणेत हिंदीचं ‘एचआय’ न ठेवता मराठीचं ‘एमआर’ लिहा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे दिसतात. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या यंत्रालाही भाषा कळते. माझ्या अंध मावसभावामुळे मला हे उमगलं.

– एक वेब डेव्हलपर, शहापूर, बेळगाव