‘वाचलेले’ पाणी गेले कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विकसनशील देशांतल्या सिंचनावर जे छापून येते, त्यात दोन आकडे हमखास असतात. धरणांत साठा किती, आणि ठिबकखाली हेक्टर किती. तिसरा आकडा क्वचितच दिसतो: पिकांतून आणि ओल्या जमिनीवरून बाष्प होऊन किती पाणी खोऱ्याबाहेर गेले. जगभर नद्या, तलाव आणि विहिरींतून जेवढे गोडे पाणी उपसले जाते, त्यातले सुमारे 70 टक्के शेतीला जाते. एवढ्या पाण्याचा हिशेब तिसऱ्या आकड्यावाचून लागत नाही आणि ‘पाणी वाचले’ हा दावा तपासताही येत नाही.

उपसा (नदी-विहिरीतून काढलेले पाणी) वेगळा आणि खप (बाष्प होऊन खोऱ्याबाहेर गेलेले पाणी) वेगळा. समजा, एखाद्या पिकाची हंगामाची गरज 600 मिमी आहे आणि मोकाट पद्धतीने 1,000 मिमी पाणी दिले जाते. वरच्या 400 मिमीला सर्रास नासाडी म्हणतात. त्यातला काही भाग उघड्या ओल्या जमिनीवरून उडतो, तो खरोखरच गेला. पण बराचसा भाग मुळांखाली पाझरून भूजलाला मिळतो किंवा चरांतून ओढ्यात उतरतो. खालच्या अंगाच्या विहिरी, पाणथळी आणि गावे त्याच परतीच्या पाण्यावर जगतात. ठिबक बसवून उपसा 700 मिमीवर आणला की बांधावरून पाहणाऱ्याला 300 मिमी वाचलेले दिसतात. शेतकरी ते पाणी धरणाला परत करत नाही, आणि त्याने ते करावे अशी अटही कुठे नसते. तो आणखी रान भिजवतो किंवा जास्त पाण्याचे, जास्त पैशांचे पीक घेतो. त्याचे उत्पन्न वाढते ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र खोऱ्याचा एकूण खप वाढतो आणि खालच्या विहिरी आटतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2017 मध्ये अनेक देशांतला पुरावा एकत्र तपासला, तेव्हा हेच समोर आले: पाणीवाटपावर मर्यादा नसेल, तर आधुनिक सिंचनतंत्राने शेतातला उपसा घटतो, पण खोऱ्यातला खप सहसा घटत नाही, उलट अनेकदा वाढतो.

म्हणून क्रम बदलायला हवा. आधी त्या शेताचा किंवा गटाचा पाणीहक्क घनमीटरमध्ये ठरवावा, भिजणाऱ्या क्षेत्राची मर्यादा लिहून घ्यावी, आणि मगच ठिबकाचे अनुदान द्यावे. सौरपंपांना तर ही अट दुप्पट लागू आहे. पॅनेल एकदा बसले की पुढचा प्रत्येक घनमीटर जवळपास फुकट पडतो आणि डिझेल किंवा वीजबिलामुळे उपशावर येणारा लगाम सुटतो.

कालव्याच्या अस्तरीकरणाचेही, म्हणजे गळती थांबवायला तळ-कडांना काँक्रीट वगैरेचा थर देण्याचेही, असेच आहे. अमेरिकेने ऑल-अमेरिकन कालव्याच्या गळक्या भागाला काँक्रीटचा नवा कालवा केला. कागदावर ती मोठी बचत होती. पण ती गळती सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या मेहिकाली खोऱ्याच्या विहिरींत उतरत होती. बचत इकडे झाली आणि तूट तिकडे गेली. अर्थात अस्तरीकरण नेहमीच निरर्थक असते असे नाही. गळती खाऱ्या भूजलात किंवा थेट समुद्रात जात असेल, किंवा तिने जमीन उपळत (पाणथळ होत) असेल, तर ती थांबवणे ही खरी बचत आहे. परतीचे पाणी कोण वापरते, हा प्रश्न निविदा काढण्याआधी विचारला पाहिजे, एवढेच.

आता मोजणीकडे येतो. विकासयोजनांत सर्वांत कमी खर्च होतो तो इथेच. चारीच्या तोंडाशी 90 अंशांचा व्ही-नॉच (इंग्रजी V आकाराची खाच असलेली आडवी पाटी) बसवला की प्रवाह एका पट्टीवर वाचता येतो. सूत्र सोपे आहे: घनमीटर प्रति सेकंद प्रवाह = 1.38 × उंचीचा 2.5 वा घात, उंची मीटरमध्ये. खाचेच्या टोकापासून पाणी 10 सेंमी वर असेल तर सुमारे 4.4 लिटर प्रति सेकंद, 15 सेंमीला 12, आणि 20 सेंमीला जवळपास 25 लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून अधिक होतो. याचाच अर्थ असा की 15 ऐवजी 16 सेंमी वाचले तर हिशेबात 17 ते 18 टक्के चूक होते. म्हणून पट्टीचा शून्य नेमका खाचेच्या टोकाच्या पातळीवर हवा. पट्टी खाचेलाच चिकटवू नये, कारण तिथे पाणी आधीच खाली झुकलेले असते. खाचेवरून वाहणाऱ्या पाण्याच्या सर्वाधिक उंचीच्या चौपट अंतरावर, वरच्या अंगाला ती लावावी. खाचेची धार तीक्ष्ण असावी, पाणी पलीकडे मोकळे पडावे आणि खाचेमागच्या डबक्यातला गाळ दर पाळीआधी काढावा. डबके गाळाने भरले की पाणी वेगाने येते आणि खाच प्रवाह कमी दाखवते. उतार अगदीच कमी असेल आणि पाणी मोकळे पडत नसेल, तर व्ही-नॉचचा हट्ट सोडून कटथ्रोट किंवा पार्शल फ्लूम (मध्ये अरुंद केलेली, प्रवाह मोजायची पन्हळ) बसवावा.

एकदा प्रवाह कळला की पुढचे गणित तोंडी होते. 1 क्युसेक (सुमारे 28 लिटर प्रति सेकंद) प्रवाह 1 तास चालला की 1 हेक्टरवर सुमारे 1 सेंमी पाणी. 12 लिटर प्रति सेकंदाचा प्रवाह 10 तास म्हणजे 432 घनमीटर, 0.6 हेक्टरवर 72 मिमी. वाळूच्या जमिनीला एका पाळीत एवढे पाणी धरवत नाही, बरेचसे मुळांखाली जाते. चिकण जमीन सहज धरते. जमीन न पाहता सगळ्यांना तेवढ्याच दिवसांनी तेवढेच पाणी देणारे वेळापत्रक इथेच फसते.

पाळीचे नियम कितीही काटेकोर असोत, मोजणीवाचून ते कोलमडतात. पाकिस्तान आणि वायव्य भारतातली वाराबंदी, म्हणजे ठरलेल्या वारी-वेळी पाळीने पाणी घेण्याची पद्धत, याचे उत्तम उदाहरण आहे. आठवड्याचे 168 तास क्षेत्राच्या प्रमाणात वाटायचे. चारी भरायला लागणारा वेळ त्यातून वजा करायचा, चारी रिकामी होताना मिळणारे पाणी जमेस धरायचे, आणि एकूण क्षेत्राने भागून हेक्टरी वेळ काढायची. व्यवस्था नितळ आहे, पण तिच्यात वाटला जातो तो वेळ. पाणी वाटले जात नाही. वितरिका (चाऱ्यांना पाणी पुरवणारा उपकालवा) पूर्ण क्षमतेने वाहते हे ती गृहीत धरते. वितरिकेच्या वरच्या भागात गाळ साचला की तिथली पाणीपातळी वर चढते, हेडची (सुरुवातीची) तोंडे ठरल्यापेक्षा जास्त ओढतात आणि टेलच्या (शेवटच्या टोकाच्या) शेतकऱ्याला त्याचे सगळे तास मिळूनही पाणी मिळत नाही. कागदावर अन्याय कुठेच दिसत नाही. प्रत्येक तोंडाशी पातळीची नोंद असेल, तरच तो पकडता येतो.

यापुढचा विषय निचऱ्याचा. आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित हाच. कालव्याचे पाणी गोडे लागते म्हणून ते क्षारमुक्त नसते. पाण्यातले क्षार त्याच्या विद्युतवाहकतेवरून, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये, मोजतात. 0.5 वाहकतेचे पाणी उत्तम गणले जाते. त्याच्या एका लिटरमध्ये अंदाजे 320 मिलिग्रॅम क्षार असतात. वर्षाला 1,000 मिमी दिले, तर एका हेक्टरवर 3.2 टन क्षार येऊन पडतात. पीक पाणी पिते, क्षार मागे ठेवते. ते मुळांखाली धुऊन न्यायला थोडे जास्तीचे पाणी लागते, आणि ते किती याचे सूत्र आहे: पाण्याची वाहकता भागिले (5 × पिकाला सोसणारी मातीची वाहकता, वजा पाण्याची वाहकता). पाण्याची वाहकता 1 असेल आणि मका 1.7 पर्यंत सोसत असेल, तर हे प्रमाण 0.13 येते, म्हणजे 600 मिमीच्या गरजेला सुमारे 690 मिमी द्यावे लागतात. घेवडा 1.0 च्या वर सोसत नाही. त्याच पाण्यावर त्याला 800 मिमी लागतील. हे जास्तीचे पाणी नासाडी नाही, जमिनीची देखभाल आहे. अत्यंत काटेकोर ठिबक वर्षानुवर्षे चालवून पाऊसही पुरेसा पडला नाही, तर ओल्या पट्ट्याच्या कडेला क्षारांची रेघ उमटते आणि पहिल्या हलक्या सरीने ती मुळांत ढकलली जाते. अशा वेळी पाऊस पडत असतानाही ठिबक चालू ठेवावे लागते.

पण धुऊन नेलेल्या पाण्याला वाट हवी. भूजलपातळी जमिनीखाली दीड-दोन मीटरच्या आत आली की केशाकर्षणाने क्षार पुन्हा वर चढतात. मग भूमिगत निचऱ्याला पर्याय उरत नाही: 1 ते 1.8 मीटर खोलीवर सच्छिद्र पन्हाळी नळ्या, भोवती गाळणी, आणि मातीच्या पोताप्रमाणे दोन नळ्यांतले अंतर. इजिप्तने 1970 च्या दशकापासून लाखो हेक्टरांवर हे काम केले, म्हणून नाईलच्या खोऱ्यातली शेती टिकली. तिथली एक अडचण सगळ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. भाताच्या शेतातून पाणी झरून जाऊ नये म्हणून शेतकरी मुख्य नळीच बुजवत आणि त्याच नळीवरच्या शेजाऱ्याचा कापूस किंवा मका पाण्यात उभा राही. उपाय म्हणून पीकगटांप्रमाणे वेगळ्या उपनळ्या काढून त्यांना बंद करता येणारी झाकणे बसवण्याची रचना पुढे आली. आणि माती चोपण झाली असेल, म्हणजे सोडियमने तिचे कण विखुरले असतील, तर नुसत्या नळ्यांनी भागत नाही. आधी जिप्सम द्यावे लागते.

भाताच्या बाबतीत फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने रुळवलेली आलटून-पालटून ओले-सुके करण्याची पद्धत स्वस्त आहे. 30 सेंमी लांब आणि 10 ते 15 सेंमी रुंद नळीचा खालचा अर्धा भाग छिद्रे पाडून जमिनीत पुरायचा, आतली माती काढायची. नळीतले पाणी जमिनीखाली 15 सेंमी उतरले की पुन्हा 5 सेंमीपर्यंत पाणी भरायचे. लावणीनंतर एक-दोन आठवड्यांनी सुरुवात करावी, तण फार असेल तर आणखी थांबावे. फुलोऱ्याच्या आठवडाभर आधीपासून आठवडाभर नंतरपर्यंत मात्र शेत कोरडे पडू देऊ नये, नाहीतर पळिंज (दाणा न भरलेले, पोकळ भात) वाढते. उपसा 15 ते 30 टक्के कमी होतो, पंपाचे इंधन वाचते, मिथेन बऱ्यापैकी घटतो. यातली बरीचशी बचत पाझराची आहे, बाष्पाची थोडी. पद्धत जरूर पसरवावी, पण तिच्या जोरावर धरणातले तेवढे पाणी शहराला देऊन टाकण्याचा निर्णय घेऊ नये.

हे सगळे चालवणार कोण? कालवे पाणीवापर संस्थांकडे सोपवण्याची लाट 1990 च्या दशकात मेक्सिकोपासून अनेक देशांत आली आणि बऱ्याच ठिकाणी मोडका कालवा शेतकऱ्यांच्या गळ्यात पडला. नेपाळमधून वेगळा धडा मिळतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम (2009 चे अर्थशास्त्राचे नोबेल) आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे दिसले की दगड-फांद्यांचे कच्चे बंधारे असलेल्या, शेतकऱ्यांनीच चालवलेल्या योजनांत टेलपर्यंत पाणी जास्त चांगले पोचते. कारण व्यावहारिक होते. दर पुरानंतर बंधारा बांधायला टेलच्या लोकांची अंगमेहनत लागे, म्हणून हेडचे लोक त्यांना पाणी देत. पक्का बंधारा आला की ती गरज संपली आणि टेलवाल्यांच्या हातची सौदाशक्तीही गेली. तेव्हा पक्के बांधकाम करताना ती शक्ती करारात भरून काढावी लागते. हस्तांतराआधी दारे दुरुस्त करून प्रवाहमापके बसवलेली असावीत, संस्थेला हंगामी कोटा घनमीटरमध्ये लेखी मिळावा, टंचाईत पाळी टेलकडून सुरू व्हावी आणि समितीत टेलच्या सभासदांना निम्म्या जागा असाव्यात. जमलेल्या पाणीपट्टीचा मोठा हिस्सा संस्थेकडेच राहावा, आणि तो आधी गाळ काढण्यावर, मग दारे-मापकांच्या डागडुजीवर, आणि कार्यालयाच्या इमारतीवर सर्वांत शेवटी खर्च व्हावा.

— सिंचन व निचरा क्षेत्रातील काही अभियंते