अँटोनिओकडेही बघा

संपादक, नमस्कार. शेक्सपिअरचं ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ हे नाटक म्हटलं की आपल्याकडे सगळी चर्चा सावकार शायलॉक आणि कर्ज न फेडल्यास त्याने मागितलेल्या त्या पौंडभर मांसाभोवतीच फिरते, व्यापारी अँटोनिओ आणि त्याचा मित्र बसानिओ ह्यांचं नेमकं नातं काय ह्यावर कोणी फारसं बोलतच नाही. नाटक सुरूच होतं अँटोनिओच्या उदासीने, मित्र विचारतात प्रेमात पडलायस का, तो छे छे करून विषय उडवतो, आणि मग बसानिओला पोर्शियाला मागणी घालायला जाता यावं म्हणून स्वतःच्या जिवावर शायलॉककडून ३००० डकॅटचं (तेव्हाची सोन्याची नाणी) कर्ज काढून देतो. आता जिवाला जीव देणारे मित्र असतात, मान्य. पण कर्ज थकल्यावर कोर्टात मरण समोर दिसत असताना तो बसानिओला म्हणतो, तुझ्या बायकोला माझी गोष्ट सांग आणि बसानिओवर कुणाचं प्रेम होतं की नाही ते तिलाच ठरवू दे, आणि ती बायको, म्हणजे पोर्शिया, वकिलाच्या वेषात तिथेच उभी! मला तरी हे प्रेमच वाटतं, नुसती दोस्ती नाही. शेवटी सगळ्यांच्या जोड्या जमतात, हा एकटाच उरतो. नाटक बसवणाऱ्या कॉलेजच्या ग्रुप्सना कळकळीची विनंती, त्या शेवटच्या प्रवेशात अँटोनिओला मागे कोपऱ्यात ढकलू नका, बुडाली असं वाटलेली त्याची जहाजं परत आल्याची बातमी त्याला पोर्शियाच देते, तेव्हा लाइट त्याच्यावर असू द्या.

– एक नाट्यप्रेमी वाचक