शिगम्याच्या शूटिंगआधी एवढं वाचाच

सभासद मित्रमैत्रिणींनो,
शनिवारी संध्याकाळी फोंड्यात शिगम्याची (गोव्यातल्या होळीच्या सणाची) मिरवणूक टिपायला आपण जमतोय. गेल्या वर्षीचे व्हिडिओ परवा पुन्हा पाहिले. रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचत जाणारा मेळ) दणक्यात, पण त्याहून जास्त आपले कॅमेरेच नाचतायत!

मोबाईल आडवाच धरा. कोपरं अंगाला टेकवा आणि एक शॉट निदान १० सेकंद हलवू नका. नाचणारे हलतायत तेवढं पुरे. झूमपेक्षा दोन पावलं पुढे जा. घोडेमोडणीच्या (कमरेला लाकडी घोडा बांधून नाचणाऱ्यांच्या) वाटेत मात्र नको.

दिवे लागले की चित्र फडफडतं, ही खरी डोकेदुखी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर ठेवा, फडफड बहुधा थांबते. चित्ररथाच्या झगमगाटात माणसं काळी पडली तर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, बहुतेक मोबाईलवर फोकस आणि उजेड तिथेच लॉक होतो.

ढोल-ताशांच्या अगदी जवळ आवाज फाटतो, जरा लांब राहा. गुलाल उडणार, लेन्स पुसायला मऊ कापड आणा.

चार वाजता नेहमीच्या ठिकाणी. बॅटरी भरलेली, मेमरी रिकामी. उशिरा येणाऱ्यांनी ट्रायपॉड उचलायचे!