लॅबमधल्या मामांना

ती. मामांना साष्टांग नमस्कार,

कॉलेजात सगळे तुम्हाला मामाच म्हणायचे, मीही तेच लिहिते. तुम्ही निवृत्त झाल्याचं परवा कळलं आणि हे पत्र इतकी वर्षं राहून गेलं याची लाज वाटली.

बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. थायो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, आणि हायड्रोक्लोरिक ऍसिड यांच्या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया व्हायला रेणूंना लागणारी किमान ऊर्जा, काढायची होती. फ्लास्कखाली कागदावर पेन्सिलीची फुली. गंधकानं द्रावण गढूळ होऊन ती दिसेनाशी झाली की स्टॉपवॉच बंद. २५ अंशांना ८४ सेकंद, ३५ ला ४४, ५५ ला १८. फुली झाकायला दर वेळी तेवढंच गंधक लागतं, म्हणून एक भागिले वेळ हाच वेग धरायचा. त्याचा नॅचरल लॉग उभ्या अक्षावर, एक भागिले केल्विन तापमान आडव्यावर, की सरळ रेष यायला हवी. माझा ५५ चा बिंदू खाली घसरलेला. तीनदा केलं, तेच. शेवटी बिंदू खोडून रेषेवर 'बसवायला' मी रबर हातात घेतलं होतं.

तुम्ही शेजारी बीकर पुसत होतात. काही न बोलता थर्मामीटर वॉटर बाथमधून काढलात आणि फ्लास्कमध्ये घातलात. बाथ ५५, फ्लास्क ५०.

"पोरी, पाणी तापलंय. तुझं औषध कुठं तापलंय?"

मग टेबलावरची ऍसिडची ट्यूबही बाथमध्ये उभी केलीत आणि मला दहा मिनिटं गप्प बसवलंत. या वेळी १४ सेकंद. रेष सरळ! स्लोप उणे ५८४०, उणे चिन्ह सोडून गुणिले वायू स्थिरांक ८.३१४: सक्रियण ऊर्जा मोलमागे साधारण ४८.५ किलोज्यूल.

आता मी बारावीला शिकवते. स्वीडनच्या आर्हेनियसनं १८८९ मध्ये तापमान आणि वेगाचं हे नातं उसाच्या साखरेच्या अभिक्रियेवरून मांडलं म्हटलं, की ऊसवाल्यांची पोरं खूश होतात. २५ चे ३५ अंश केल्यावर वेग दुप्पट होतो, तर सक्रियण ऊर्जा किती, या गणितात कुणी केल्विनऐवजी सेल्सिअस घातलं तर ५३ किलोज्यूलच्या जागी ५०४ ज्यूल येतात. ती चूक लांबूनही दिसते. तुम्ही धरलेली तशी दिसत नाही. आकडा जरासा कमी येतो आणि जर्नलवर सही होऊन जाते.

आणि हो, त्या दिवशी आनंदाच्या भरात मी फ्लास्क तसेच टाकून पळाले होते. गंधक काचेला धरून बसलं असणार. ते तुम्हीच घासलंत ना? त्याचे आभार वेगळे.

तुमची,
रेष सरळ आलेली विद्यार्थिनी