मामा तलावाच्या अभ्यासक्रमाबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

‘माजी मालगुजारी तलाव : पाणी, शेती आणि हिशेब’ हा दोन श्रेयांकांचा खुला ऐच्छिक अभ्यासक्रम आमच्या स्वायत्त महाविद्यालयात या सत्रापासून सुरू झाला आहे. (माजी मालगुजारी तलावांनाच थोडक्यात मामा तलाव म्हणतात.) निवृत्तीनंतरही आपण त्याच्या आराखड्यासाठी दिलेला वेळ पूर्व विदर्भातील इतर प्राध्यापकांनाही कळावा, म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहोत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या राज्यातील चौकटीत खुला ऐच्छिक विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यावा लागतो. त्यामुळे एकाच बाकावर इतिहासाची मुलगी आणि वाणिज्य शाखेचा मुलगा बसतो, आणि शिकवणाऱ्याला मात्र आपल्याच विषयाचा पहिला धडा पाणी घालून वाढण्याचा मोह होतो. आपण पहिल्याच बैठकीत घटकांची यादी बाजूला ठेवायला लावली आणि विचारले, की आपल्या विषयात पुढे कधीच न येणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रम संपल्यावर नेमके काय करता यायला हवे? आमच्या मते अशा अभ्यासक्रमांबाबत याहून महत्त्वाचा प्रश्न नाही.

तलावाचा विषय त्याच प्रश्नातून निघाला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील हे तलाव १९५१ मध्ये मालगुजारी (गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची जमीनदारी पद्धत) गेल्यावर शासनाकडे आले. कोहळी समाजाचे बांधकामकौशल्य, धानाला पाणी देण्याची रीत, ढीवर बांधवांची मासेमारी, गाळ आणि पाण्यात माजणारी बेशरम नावाची वनस्पती हे सारे तिथे एकाच पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, दिसते. एका विद्याशाखेच्या चौकटीत ते मावत नाही.

आमच्या मसुद्यातील ‘विद्यार्थी तलावाचे महत्त्व समजून घेतील’ या वाक्यावर आपण लाल शाईने रेघ ओढून समासात लिहिले होते, ‘समजले हे कशावरून ओळखणार?’ आता तिथे असे वाक्य आहे : ‘विद्यार्थी एका तलावाची पाळ, तुडूम (पाणी सोडण्याची मोरी) आणि सांडवा (जादा पाणी वाहून जाण्याची वाट) दाखवणारा नकाशा काढतील व त्याखालील धानाच्या क्षेत्राला पाणी कसे वाटले जाते, याची नोंद करतील.’ एक श्रेयांक वर्गातील १५ तासांचा आणि दुसरा प्रात्यक्षिकाच्या ३० तासांचा, ही विभागणीही आपणच सुचवली. अन्यथा तलाव फळ्यावरच राहिला असता. (फळ्यावर काढलेला तलाव कधीच आटत नाही, हा आपला टोमणा आमच्या शिक्षककक्षात अजून फिरतो.)

जाळे विणणाऱ्या ज्येष्ठ मासेमाराला तासिका देण्याचा प्रश्न आला, तेव्हा शैक्षणिक अर्हतेचा रकाना कसा भरायचा यावर चर्चा अडली. त्यांना साधनव्यक्ती म्हणून बोलवावे, मानधन द्यावे आणि त्यांचे नाव अभ्यासक्रमाच्या छापील प्रतीत घ्यावे, असे आपण सुचवले. मानधनाची तरतूद झाली. नावही छापले गेले. अभ्यास मंडळाच्या आणि विद्वत परिषदेच्या मान्यतेची कागदपत्रे पूर्ण करतानाही आपली मदत झालीच.

सोबत मंजूर अभ्यासक्रमाची प्रत आणि मूल्यमापनाचा मसुदा पाठवत आहोत. क्षेत्रवहीला (तलावावरील कामाच्या नोंदवहीला) किती गुण द्यावेत यावर आमच्यात अद्याप दोन मते आहेत. आपला अभिप्राय सत्रान्त परीक्षेपूर्वी मिळाल्यास ऋणी राहू.

आपले नम्र,
अभ्यासक्रम समितीचे सर्व सदस्य