एक्केचाळीस सह्या

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

हे पत्र असं चारचौघांत लिहितोय, कारण तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. पणजीत पाट्टोवर सेंट्रल लायब्ररीची नवी इमारत आहे, तिथे जाऊन दोनदा चौकशी केली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "कुठल्या साली होत्या त्या?" मी 1986 म्हटल्यावर ती हसलीच. तिचा तेव्हा जन्मही झाला नसावा. तुमचं नाव मला आठवतंय, पण इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडलं नसतं. वाचनालयात कुणी मोठ्याने हाक मारली तरी तुमच्या कपाळावर आठी यायची.

निमित्त असं झालं. आमच्या दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तिथे एकाने प्रश्न टाकला, सोळा वर्षांच्या स्वतःला आज काय सांगाल? सगळे पंचावन्नच्या आसपासचे, सकाळी चालून आलेले, हातात गोळ्यांचा डबा. उत्तरांचा पाऊस पडला. दात सांभाळ. सिगरेटला हात लावू नको. सोनं घे. एकाने लिहिलं, "पर्वरीच्या पठारावर पाचशे मीटर जागा घेऊन ठेव, बाकी काही करू नको." त्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले, आणि खरं सांगायचं तर एक माझाही होता.

मी काहीच लिहिलं नाही. सोळाव्या वर्षीच्या पोराला असलं काही सांगून उपयोग नसतो, तो ऐकत नाही. आपण त्याला पत्रं लिहितो ती बहुधा तो उलटून बोलणार नाही म्हणून. शिवाय मला जे सांगायचं होतं ते तुम्ही त्याच वर्षी, वेळेवर, सांगून मोकळ्या झाला होता. मग मी नव्याने काय लिहिणार?

तुम्हाला कदाचित आठवणार नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

मी पणजीसमोर, मांडवीपलीकडच्या ब्रिटोनाचा. मांडवीवरचा नेहरू पूल आणि मी एकाच वर्षाचे, 1970 चे. आई माझं वय पुलावरून मोजायची. जून 1986 मध्ये पणजीला अकरावी सायन्सला गेलो आणि 5 जुलैला पूल कोसळला. त्या दिवसापासून सगळ्यांचीच ये-जा बेतीच्या फेरीबोटीवर आली. धक्क्यावर ही गर्दी, पाऊस, माशांच्या पाट्या, सायकली, ऑफिसची माणसं, आणि उशीर. कुणालाही कशालाही उशीर झाला की एकच उत्तर, पूल पडला ना! त्या पुलाआड अख्खा उत्तर गोवा लपत होता, त्यात मीही.

दहावीला गणितात मला 74 होते. अकरावीच्या पहिल्या चाचणीत 25 पैकी 4. सरांनी पेपर वर्गात वाचून दाखवला, उत्तरांसकट. आज वाटतं, एवढं काही नव्हतं त्यात. तेव्हा मात्र दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकापर्यंत गेलो आणि पाय आतच टाकवेना. तसाच मागे वळलो, आझाद मैदानाशी आलो आणि पाऊस चुकवायला तुमच्या दारात शिरलो.

तेव्हा सेंट्रल लायब्ररी मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या जुन्या इमारतीत होती. दारातून आत गेलं की भिंतभर निळ्या पोर्तुगीज फरशा, त्यांवर जहाजं, खलाशी, लाटा. मी पहिला दिवस त्या जहाजांकडे बघण्यात घालवला. माझे बाबा बार्जवर खलाशी होते. पावसाळ्यात आग्वादकडचं नदीचं मुख बंद झालं की खनिजाच्या बार्जी कुंभारजुव्याच्या खाडीतून मुरगावला जायच्या आणि बाबा दोन-दोन, तीन-तीन दिवस घरी यायचे नाहीत. मुलाने इंजिनियर होऊन बार्जीच्या वर, बंदरावर उभं राहावं एवढीच त्यांची इच्छा. फर्मागुडीचं इंजिनियरिंग कॉलेज त्यांनी पाहिलेलंही नव्हतं, पण त्याचं नाव ते देवळासारखं घ्यायचे.

दुसऱ्या दिवशीही आलो. तिसऱ्या दिवशीही. दारातल्या वहीत नाव, वेळ, सही. खोटं नाव लिहावं एवढी अक्कल नव्हती. गणवेशातला मुलगा सकाळी साडेनऊला येतो, पेन्शनरांच्या टेबलावर बसून वर्तमानपत्रं वाचतो, एकला डबा खातो आणि चारला निघतो. त्या टेबलावर तेव्हा मराठी-कोंकणीवरून रोज जुंपायची. तुम्ही येऊन दोन्ही बाजूंना कोंकणीत गप्प करायच्या आणि जाऊन मराठीत पावत्या लिहायच्या. मला ते फार आवडायचं.

चवथीच्या आधी तुम्ही एकदाच विचारलंत, "आयजूय सुटी?" मी म्हटलं, "पूल पडला ना, सर येत नाहीत." तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं, पटलं.

चवथ झाली. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी उतरली. त्या आठवड्यात तुम्ही मला कपाटांमागे बोलावलंत. मी घाबरलो, वाटलं कार्ड काढून घेणार. तुम्ही वही उघडलीत आणि पानं उलटत गेलात, माझ्या सह्यांवर बोट ठेवत. मग म्हणालात, "पुता, आयज सांगशी जाल्यार एक वर्स वतलें. फाल्यां सांगशी जाल्यार दोन." आज सांगितलंस तर एक वर्ष जाईल, उद्या सांगितलंस तर दोन. बाकी काही नाही. अभ्यास कर नाही, आईबापांचा विचार कर नाही. मी रडलो असेन, तेवढं नीट आठवत नाही. आठवतं ते हे की तुम्ही घड्याळ पाहिलंत, छत्री उचललीत आणि म्हणालात, "चल, हांव येतां."

बेतीला उतरून आपण पावसात चालत ब्रिटोनाला गेलो. वाटेत तुम्ही फक्त विचारलंत की आमच्याकडे नेवऱ्या कशाच्या करतात, खोबऱ्याच्या की चण्याच्या डाळीच्या. त्या दिवशी नेमके बाबा घरी होते. आईने चहा ठेवला, उरलेल्या नेवऱ्या पुढे केल्या. तुम्ही बसलात आणि काहीच बोलेनात. मी वाट पाहत होतो, आता बाई सांगतील. तुम्ही नेवरी खात राहिलात. तुम्ही आलात ते माझ्या वतीने बोलायला नाही, मी सांगेपर्यंत तिथे बसून राहायला, हे कळायला मला अख्खा कप चहा लागला.

शेवटी मीच सांगितलं. बाबांनी विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, "पंधरा-वीस." तेव्हा तुम्ही पहिल्यांदा तोंड उघडलंत. "एक्केचाळीस," तुम्ही म्हणालात. सह्या मोजल्या होत्या तुम्ही!

त्या क्षणी मला तुमचा राग आला, तो पुढे वर्षभर टिकला. अर्धं खरं सांगून सुटत होतो, तेवढंही तुम्ही सोडलं नाहीत. बाबा उठून दारात जाऊन उभे राहिले. पाठमोरे. तुम्ही त्यांच्या पाठीला म्हणालात, "बाब, भुरगो चोर न्हय. भियेला." मुलगा चोर नाही, घाबरलाय. मग छत्री घेऊन निघालात.

बाबांनी मारलं नाही. जेवताना एवढंच म्हणाले, "तू आणि पूल एकदमच पडलात." आई हसली, मग रडली. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर कॉलेजात आले. सायन्सचं ते वर्ष गेलं. जून 1987 ला मी कॉमर्सला पुन्हा अकरावीत बसलो. तोवर गोवा राज्य होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. एकच वर्ष गेलं, तुमच्या हिशोबाप्रमाणे.

पुढचं थोडक्यात. बी.कॉम. झालो, बार्जमालकांचे हिशोब लिहू लागलो. म्हणजे बाबांच्या बार्जीच्या वर नाही, पण शेजारी तरी उभा राहिलो. नंतर कर्ज काढून एका बार्जीत चार आण्यांचा हिस्साही घेतला. सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. बार्जी नदीकाठी नुसत्या बांधून पडल्या, कर्जाचा हप्ता तेवढा चालू. मी रोज सकाळी ऑफिसला निघायचो आणि रिकाम्या टेबलासमोर बसून यायचो. बायको विचारायची, "कसं चाललंय?" मी म्हणायचो, "चाललंय." एका संध्याकाळी, मांडवीवरचा अटल सेतू अजून यायचा होता, तेव्हाच्या पुलावर गाडीत अडकलो होतो. खाली नदीत बांधलेल्या बार्जी दिसत होत्या आणि मला तुमचं बोट आठवलं, वहीवरून सरकणारं. तरी त्या रात्री सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं, आणि कर्जाचा आकडा पूर्ण सांगितला, पंधरा-वीस करून नाही. तिने दागिने आणि कागद पुढ्यात घेतले आणि रात्री दीडपर्यंत आम्ही हिशोब मांडला. हिस्सा तोट्यात विकला. घर राहिलं.

तुमचे आभार मानायला मला इतकी वर्षं लागली, याचं कारण तो राग नव्हे. तो कधीच गेला. लाज होती. कॉमर्सला गेल्यावरही मी लायब्ररीत यायचो, तुम्ही पुस्तकावर शिक्का मारून द्यायच्या, मी मान खाली घालून निघायचो. एकदाही "थँक्यू बाई" म्हटलं नाही. मग कधीतरी तुमची खुर्ची रिकामी दिसली आणि तुमची बदली झाली की निवृत्ती, हेही मी विचारलं नाही.

अजून एक विचारायचं राहिलंय. त्या संध्याकाळी तुम्ही निघालात तेव्हा साडेसात वाजून गेले होते. अंधार, पाऊस, बेतीपर्यंत चालत, मग फेरी, मग पणजीहून म्हार्दोळची बस. मी दारापर्यंतसुद्धा आलो नाही, आत तोंड लपवून बसलो होतो. शेवटची बस मिळाली होती का तुम्हाला?

तुमचा,
ब्रिटोनाचा मुलगा