टिळकवाडीच्या दादांना, त्या काळ्या खिडकीबद्दल

दादा, नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं, ठेव आता" म्हणून कट करता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

गणपतीच्या चार दिवस आधी कुंद्याच्या दुकानाची साइट (वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रणालीवरची) एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित पत्त्यावर, न्यायची होती. मी शहाणपणा केला. डेटाबेसची फाइल नोटपॅडमध्ये उघडून सरसकट फाइंड-रिप्लेस मारलं. पानं उघडली, पण विजेट आणि थीमची सेटिंग गायब! खानापुरात धो धो पाऊस, नेट जेमतेम, अ‍ॅडमिनचं पान काही केल्या उघडेना.

तुम्ही भर पावसात आलात. काळ्या खिडकीत, म्हणजे हुकूम टाइप करायच्या टर्मिनलमध्ये, डेटाबेसमधल्यासारखी एक ओळ दाखवलीत: एस, कोलन, 18, कोलन, अवतरणात बेळगाव. "मोज की रे." मी म्हटलं, काना-मात्रा धरून सहा. "देवनागरीची एकेक खूण 3 बाइटची. सहा त्रिक अठरा." वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती पीएचपी असा मजकूर लांबीसकट बांधून ठेवते. मी प्रत्येक पत्त्यात एक अक्षर (एचटीटीपीचा शेवटचा एस) वाढवलं होतं, आकडा मात्र जुनाच. मग ती गाठ सुटणार कशी?

सर्व्हरवरचा जुना बॅकअप परत चढवलात आणि डब्ल्यूपी-सीएलआयचं, म्हणजे टर्मिनलमधून वर्डप्रेस चालवायच्या हत्याराचं, सर्च-रिप्लेस चालवलंत, तेही आधी ड्राय-रन (काहीही न बदलता रंगीत तालीम) लावून. ते गाठ सोडतं, बदल करतं, लांबी नव्यानं मोजून पुन्हा बांधतं. 412 बदल, आणि नेटवरून ये-जा फक्त चार ओळींची.

बॅकअप चढेपर्यंत तुम्ही या हत्याराची कुळकथा सांगितलीत. ड्रुपल या दुसऱ्या साइट-प्रणालीवाल्यांकडे ड्रश नावाचं असंच हत्यार 2006 पासून होतं. वर्डप्रेससाठी 2011 मध्ये आंद्रेआस क्रेटेन यांनी हे सुरू केलं, मग क्रिस्ती बुर्का आणि पुढे डॅनियल बाखह्यूबर यांनी सांभाळलं. 2015 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर वर्गणी काढली. (वर्गणी म्हटल्यावर मला आमच्या गल्लीचं मंडळच आठवलं.) पुढे ते वर्डप्रेसचंच अधिकृत काम झालं, 2018 ला 2.0 आलं. इतकी वर्षं हे होतं आणि मी नोटपॅड घेऊन बसलो होतो.

आता चौदा साइटींचे प्लगिन एका छोट्या स्क्रिप्टनं अपडेट होतात. डेटाबेस एक्स्पोर्ट केल्याशिवाय मी कशालाच हात लावत नाही. मूळ फायलींत कुणी ढवळाढवळ केली का, तेही चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) पडताळून बघतो.

दुकानाच्या मालकांनी तुमच्या नावानं अर्धा किलो कुंदा बाजूला काढायचं कबूल केलंय, पैसे घेणार नाहीत म्हणे. त्या दिवशी चहासुद्धा न घेता गेलात. खानापूरला कधी येताय?

तुमचा,
नोटपॅडवाला